लगबग्यांचा 'ना'

लगबगे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव आहे, पण ते इतकं ऐसपैस आहे की पूर्ण उच्चारून होईपर्यंत गृहस्थ पुढच्या चौकात पोचलेले असतात. ऑफिसात कुणीतरी एकदा चिडून 'अहो लगबगे!' अशी हाक मारली, यांनी मागे न बघता 'आलो, आलो' म्हटलं, आणि नाव पक्कं झालं. आता त्यांची बायकोसुद्धा रागावली की याच नावाने हाक मारते.

ते आमचे शेजारी. मध्ये एक भिंत. चहात साखर पडायच्या आधीच चमचा फिरायला लागल्याचा आवाज आम्हाला त्या भिंतीतून रोज सकाळी येतो. लिफ्टचं बटण ते एकदा दाबत नाहीत, दाबत राहतात. आणि लिफ्ट आली की 'फार वेळ लावला हिने' म्हणून जिन्याने निघून जातात. सिनेमाच्या मध्यंतरातच चपला पायात घालून बसतात. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की तो म्हणतो, "साहेब, हलू नका. वस्तरा माझा आहे, पण कान तुमचे आहेत." वहिनी तर सांगतात, "लग्नाच्या एकाही फोटोत यांचा चेहरा ओळखू येत नाही. मी फोटोत सरळ उभी, आणि शेजारी धुकं."

असा माणूस सरकारी नोकरीत कसा काय टिकला, हा प्रश्न आम्हालाही पडायचा. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण ज्याने केली तो मोठा आशावादी होता, असं आमचं मत आहे. पण त्याच सरकारला एकदा काय वाटलं कोण जाणे, त्याने चक्क घाई करण्यासाठी एक केंद्र उघडलं. झालं असं, की प्रयोगशाळेत शोध लागतात, उंदीर ठणठणीत बरे होतात, शास्त्रज्ञांचे सत्कार होतात, आणि ते औषध माणसाच्या तोंडात पडेपर्यंत तो माणूसच राहिलेला नसतो. मधली सगळी वर्षं कागद इकडून तिकडे जाण्यात, परवानग्यांत, आणि 'तुमचं आमच्याकडे आलंच नाही' यात जातात. ही वर्षं कमी करायची, म्हणून हे केंद्र. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा, तळमजल्यावर रुग्णांना तपासायच्या खोल्या, आणि मधल्या मजल्यावर वरचं खाली पोचवणारी माणसं. फाटकावरच्या पाटीवर केंद्राचं नाव तीन ओळींत लिहिलं आहे. रिक्षावाले त्याला नुसतं 'उंदरांचं ऑफिस' म्हणतात.

लगबगे या मधल्या मजल्यावरचे. त्यांना तिथे बघितलं आणि आम्हाला पटलं, की प्रत्येक माणसासाठी जगात कुठेतरी एक खुर्ची असते. काहींची फक्त रिकामीच राहते, कारण ते त्या खुर्चीवर बसत नाहीत. लगबगे उभ्यानेच काम करायचे. वरच्या मजल्यावर जाऊन शास्त्रज्ञांच्या मागे उभे राहायचे आणि विचारायचे, "झालं का?" सूक्ष्मदर्शकातून बघत असलेल्या माणसाला असं मागून विचारलं की तो दचकतो. एका बाईंनी तर दारावर चिठ्ठी लावली होती: 'नाही झालं.' लगबग्यांनी दार ठोठावून विचारलं, "मग केव्हा होईल?"

त्यांची ही घाई नुसती स्वभावाची होती, तोवर सगळे हसत होते. पुढे तिला कारण मिळालं.

कारण म्हणजे त्यांची ताई. लगबग्यांची आई लवकर गेली. यांना न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेच्या दारात हात धरून उभं करण्यापर्यंत सगळं ताईने केलं. बसने चार थांबे पलीकडे ती एकटी राहते, खाली तिचं शिवणाचं दुकान. भाऊ जितका वारा, तितकी ही दगड. कापड टेबलावर पसरायचं, त्याच्याकडे बघत राहायचं, आणि एकदा कात्री लावली की थेट दुसऱ्या टोकाला जाऊन थांबायचं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायची, "होईल हो. कापड पळून नाही जात."

मग तिचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. कात्री सरळ जाईना. दोन मुली होत्या हाताखाली, त्या कापायला लागल्या आणि ताई शेजारी बसून नुसतं बघायला लागली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. डॉक्टरांनी औषधं दिली. औषधांनी हात थांबले नाहीत, ताई मात्र दिवसभर पेंगायला लागली.

आणि नेमक्या त्याच सुमारास वरच्या मजल्यावर थरथरीवरची गोळी सापडली. उंदरांना लागू पडली. लगबग्यांनी ती बातमी ऐकली तेव्हा ते जिन्यात होते. वर चालले होते की खाली, हे ते विसरले, असं शिपाई सांगतो.

गोळीच्या माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा झाला. दुसरा सुरू झाला, त्यात थोडेच रुग्ण होते आणि ताई नियमात बसत नव्हती, कारण तिला रक्तदाबाचं औषध चालू होतं. तिसरा टप्पा मोठा, त्यात तिच्यासारख्यांना जागा होती. पण दुसरा संपल्याशिवाय तिसरा उघडणार नव्हता. लगबग्यांनी मोठ्या मॅडमना गाठलं. मोठ्या मॅडम म्हणजे केंद्राच्या संचालक. त्या रागावल्या तरी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे सगळे जास्त घाबरतात.

"मॅडम, मला फोनवर टाका."

"फोनवर? तुम्हाला?"

"रुग्णांना दर आठवड्याला फोन करून विचारायचं असतं ना, ते फार रेंगाळतंय. मी लवकर संपवीन."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. ताईचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कामाला माणूस कमी होता. त्यांनी टाकलं.

फोनचं काम दिसायला अगदी सोपं. समोर छापील प्रश्न. 'मागच्या आठवड्यात हाताची थरथर कशी होती?' विचारायचं आणि थांबायचं. उत्तर येईल ते लिहायचं: कमी, तेवढीच, जास्त. मग 'दुसरं काही जाणवलं का?' विचारायचं आणि पुन्हा थांबायचं. यातलं विचारायचं काम लगबग्यांना झकास जमलं. पलीकडच्या टेबलावर एक मुलगी हेच काम करायची. ती प्रश्न विचारून इतकी गप्प बसायची की फोन कटला असं वाटावं. तिचा एक फोन होईपर्यंत लगबग्यांचे चार व्हायचे.

"अगं, एवढा वेळ काय बोलतेस त्यांच्याशी?"

"मी नाही बोलत. ते बोलतात."

"मग तू काय करतेस?"

"थांबते."

लगबग्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांचे फोन मात्र ऐकण्यासारखे असायचे. रुग्ण म्हणजे जणू यांच्या घरचेच. एक निवृत्त शाळामास्तर होते, एक ट्रकचालक, एक नर्स. यांना सगळ्यांच्या मुलाबाळांची खबर. "काय मास्तर! नमस्कार, नमस्कार! कशी आहे तब्येत, छान ना? थरथर जरा कमी आहे ना? वा! बाकी त्रास वगैरे काही नाही ना? झालं तर मग! काळजी घ्या हं!" पलीकडून 'हो हो, नाही नाही' एवढं येईपर्यंत लगबग्यांचा पुढचा नंबर फिरलेला असायचा. संध्याकाळी ताईकडे जाऊन सांगायचे, "ताई, सगळ्यांना गुण येतोय. सगळ्यांना! थोडेच दिवस आता. तू बरी आहेस ना?"

"हो रे," ताई म्हणायची. "बस तरी."

बसणार कोण?

मग एक दिवस केंद्रातल्या आकडेवाल्यांनी, म्हणजे सगळ्या उत्तरांची गणितं मांडणाऱ्या गृहस्थांनी, त्यांना मॅडमच्या खोलीत बोलावलं. आकडेवाले अबोल माणूस. बोलले तर अपूर्णांकात बोलतात. लगबगे जाताना वहिनींना फोन करून म्हणाले, "बहुतेक शाबासकी आहे."

आकडेवाले म्हणाले, "लगबगे, या टप्प्यात निम्म्या लोकांना खरी गोळी आहे आणि निम्म्यांना पिठाची. कोणाला कुठली ते रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. खरं-खोटं कळावं म्हणून हे असं करतात."

"माहीत आहे की."

"पलीकडच्या टेबलावर काही बरे आहेत, काही तसेच आहेत, काही वाईट आहेत. तुमच्या टेबलावर सगळे बरे आहेत."

"मग चांगलंच आहे ना!"

"चांगलं आहे. तुमच्या हातून पीठसुद्धा लागू पडतंय. हे औषध सोडून देऊ आणि तुम्हालाच बाटलीत भरू, असं मी मॅडमना सुचवणार होतो."

लगबग्यांना हसू आलं आणि मग ते अर्ध्यावर थांबलं.

फोन ध्वनिमुद्रित होतात. मॅडमनी ते लावले. स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही; त्यात लगबग्यांनी आपला आवाज कधी शेवटपर्यंत ऐकला नव्हता. 'कमी आहे ना?' हो हो. 'त्रास नाही ना?' नाही नाही. 'झोप लागते ना?' हो. एकामागून एक. मास्तर, ट्रकचालक, नर्स. प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला तो एवढासा 'ना'. आता आपल्याकडे 'ना' लावून विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देतात, हे कुणी शिकवावं लागत नाही. 'जेवलात ना?' असं कुणी प्रेमाने विचारलं तर उपाशी माणूसही हो म्हणतो. प्रश्न नसतोच तो. मायेने पुढे केलेला हात असतो, आणि समोरच्याने तो धरायचा असतो. छापील प्रश्नात 'ना' नव्हता. तो लगबग्यांनी पदरचा घातला होता.

एका फोनमध्ये मास्तर म्हणाले होते, "हो, कमी आहे, पण परवा जरा..." आणि लगबगे म्हणाले होते, "वा वा, कमी आहे ना, झालं तर मग!"

मॅडमनी यंत्र बंद केलं. "तुमचे सगळे फोन बाद करावे लागतील. त्या सगळ्या रुग्णांना पुन्हा काही आठवडे नीट विचारायचं. तोवर तिसरा टप्पा पुढे ढकलला."

"पुढे?" लगबगे उभे होतेच, ते आणखी उभे राहिले. "मॅडम, पुढे नको. मी दिवसाला दुप्पट करतो. मी... माझी ताई त्या टप्प्यात येणार आहे. तिचे हात..."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि आता हे पुन्हा होणार नाही ना?"

"हो," लगबगे म्हणाले. "म्हणजे नाही. म्हणजे..."

"बघितलंत?" आकडेवाले हळूच म्हणाले. "मॅडम, तुमचाही आला."

त्या दिवशी लगबगे ऑफिसातून निघाले आणि ताईच्या घरावरून दोनदा पुढे निघून गेले. तिसऱ्या वेळी तिनेच खिडकीतून हाक मारली. वर जाऊन ते खिडकी उघडत राहिले, लावत राहिले.

"ताई, ते जरा पुढे गेलंय."

"किती पुढे?"

ते चमकले. ताईने आजवर कधी 'किती' विचारलं नव्हतं. ती आपली 'होईल रे'वाली.

"काही आठवडे. कदाचित महिने. माझ्यामुळेच." आणि त्यांनी सगळं सांगितलं, 'ना'सकट.

ताईने ऐकून घेतलं. हात मांडीखाली होते. मग म्हणाली, "मी काल दुकानात गेलेच नाही. त्या मुली चांगल्या आहेत, पण मी शेजारी बसले की त्यांचेही हात थरथरायला लागतात. चार दिवस झाले, मी भात चमच्याने खातेय आणि तोही सांडतो. पाणी प्यायला कपात नळी घालते, तान्ह्या बाळासारखी."

"मला का नाही सांगितलंस?"

"रोज येतोस आणि विचारतोस, 'बरी आहेस ना?' अर्धा पाय दाराबाहेर असतो तुझा. काय सांगणार?"

लगबगे खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना पलीकडच्या मुलीच्या शेजारी बसवण्यात आलं, गप्प बसणं शिकायला. वयाने ती त्यांच्या मुलीएवढी. ती म्हणाली, "काका, प्रश्न विचारला की जीभ दातांमागे ठेवायची. मी तशीच ठेवते." लगबग्यांनी ठेवली. पाय हलायला लागला. पाय थांबवला तर पेन वाजायला लागलं. पेन काढून घेतलं तर ते खुर्चीसकट पुढेमागे व्हायला लागले. मुलीने त्यांना गुंतलेल्या दोऱ्यासारखं सरळ करत आणलं, पण ती म्हणते की तिचंच वजन कमी झालं त्यात.

पहिला फोन मास्तरांना.

"मास्तर, मागच्या आठवड्यात हाताची थरथर कशी होती?"

पलीकडे शांतता. लगबग्यांनी टेबलाची कड धरली. घशाशी 'ना' आला होता. त्यांनी तो गिळला. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. पलीकडे मास्तरांच्या घरात कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"खरं सांगू का, साहेब?" मास्तर म्हणाले. "थरथर कमी आहे. बरीच कमी आहे. सही येते आता माझी. पण चक्कर येते. उठलं की अंधारी. मागे एकदा न्हाणीघरात पडलो, कोपर फुटलं."

"अहो, मग हे तेव्हा..." लगबग्यांनी जीभ दातांमागे ढकलली.

"तुम्ही एवढ्या प्रेमानं विचारता, 'त्रास नाही ना?' तुमचं मन कसं मोडायचं? आमची ही म्हणालीसुद्धा, सांगा त्यांना. मी म्हटलं, अगं, तो बिचारा किती आनंदात असतो."

ट्रकचालकालाही चक्कर येत होती. तो वळणावर गाडी बाजूला लावून बसायचा. नर्सला काही येत नव्हतं, पण तिला गुणही नव्हता, तिने हसून सांगितलं, "मला पिठाचीच गोळी आहे हो, मला चव कळते." आणि पलीकडच्या टेबलावरच्याही काहींनी चक्कर सांगितली होती, ती एकटी नोंद म्हणून तेव्हा फार कुणाच्या नजरेत भरली नव्हती. आता दोन्ही टेबलांची उत्तरं शेजारी ठेवल्यावर भरली. सुरक्षा बघणाऱ्या समितीने गोळी लहान करायला सांगितली. म्हणजे पुन्हा वेळ. आधीच पुढे गेलेला टप्पा आणखी पुढे.

वहिनी म्हणाल्या, "आता हे घर फोडतील." लगबग्यांनी घर फोडलं नाही. पण आमच्या भिंतीतून त्या दिवसांत ये-जा ऐकू यायची: खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. मध्येच थांबायची आणि मग लगबग्यांचा आवाज यायचा, वहिनींना उद्देशून: "ती एकटी राहते गं. जुनी मोठी गोळी तिला मिळाली असती आणि ती न्हाणीघरात पडली असती, तर?" वहिनी म्हणायच्या, "नाही ना पडली?" मग दोघंही एकदम गप्प व्हायचे.

शेवटी तिसरा टप्पा उघडला. लहान गोळी, मोठी संख्या. ताई नियमात बसली. तिला नेऊन तपासून आणलं, सगळं समजावून सांगितलं, पिठाचीही शक्यता सांगितली. ताई म्हणाली, "पीठ तर पीठ. आजवर पिठावरच जगले."

आणि त्याच दिवशी मॅडमनी लगबग्यांना बोलावून सांगितलं, की केंद्रात काम करणाऱ्याने आपल्या नातेवाइकाला औषधाविषयी काही विचारायचं नाही. गुण आहे का, त्रास आहे का, काहीही नाही. काही झालंच तर तिच्याकडे डॉक्टरांचा नंबर आहे. ताईला फोन करेल ती पलीकडची मुलगी.

"मी सख्खा भाऊ आहे तिचा!"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. यावेळी 'ना' लावला नाही.

तर आता दर आठवड्याला तो एक फोन लागतो तेव्हा लगबगे टेबलावरून उठून काचेच्या दाराबाहेर उभे राहतात. आत मुलीचे ओठ हलतात, थांबतात. मग बराच वेळ काहीच होत नाही. मग ती लिहायला लागते. खूप लिहिते. 'कमी' हा शब्द एवढा मोठा नाही आणि 'जास्त'ही एवढा नाही, याचा हिशोब लगबगे बाहेर उभे राहून करत असतात. शिपाई म्हणतो, "साहेब, काच ओली झाली बघा तुमच्या श्वासानं."

परवा अशाच एका संध्याकाळी आम्हीही त्यांच्याबरोबर ताईकडे गेलो होतो.

"तुझ्या ऑफिसातून फोन आला होता," ताई म्हणाली.

"हं."

"चांगली आहे हं ती मुलगी. विचारते आणि गप्प बसते. एवढं गप्प कुणी बसलं की माणसाला बोलावंच लागतं. मी तर आज बाबांच्या वेळचंही सांगितलं काहीबाही."

"आणि..." लगबग्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"आणि काय?"

"आणि... भाजी काय आणू, असं विचारत होतो."

"भाजी आहे."

लगबगे उठले, बसले. आमच्याकडे बघितलं, आम्ही छताकडे बघितलं. ताईचे हात कुठे आहेत हे दिसू नये म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं, आणि तिथल्या पंख्याच्या बटणाची चौकशी सुरू केली. ते कधी बसवलं, किती दिवस टिकेल. ताई हसायला लागली.

"जा बाबा तू घरी. तुझ्याकडे बघून मला धाप लागते."

आम्ही खाली उतरलो. रस्ता ओलांडून थांब्यावर पोचतो तोच वरून हाक आली. ताई खिडकीत उभी होती.

"अरे! विचारायचं नाही हं!"

"नाही विचारत!" लगबगे खालून ओरडले.

"आणि मी सांगणार पण नाही!"

"नको सांगूस!"

मग ती काहीच बोलली नाही, आणि खिडकीतून आतही गेली नाही. हेही हलले नाहीत. बस आली, आम्ही त्यांच्या कोपराला धरून ओढलं. त्यांनी कोपर सोडवून घेतलं. कंडक्टरने विचारलं, येताय का? लगबगे मान वर करून उभे होते. बस गेली.

"दुसरी केव्हा आहे?" आम्ही विचारलं.

"येईल हो," लगबगे म्हणाले.